अंबूबाई चप्पल का घालत नाही

पासलीत कुणालाही विचारा, अंबूबाई अनवाणी का फिरते, तर दहा माणसं दहा कारणं सांगतील. कुणी म्हणेल, गेनबा गेला आणि नवऱ्याच्या दुःखात तिनं पायताण सोडलं. कुणी म्हणेल, चिकट आहे म्हातारी, चपलेची झीज वाचवते. तिची लेक मंगल भोरला दिलेली. ती दर दिवाळीला आईला नव्या चपला आणायची आणि त्या खोक्यासकट फळीवर जाऊन बसायच्या, म्हणून मंगलची समजूत अशी की आईला आपली निवडच पसंत नाही. खरं कारण गावात दोघींनाच ठाऊक होतं. एक स्वतः अंबूबाई आणि दुसरी तिची शेजारची थोरली जाऊ, अक्काबाई. आणि ज्याला ते कळायला हवं होतं तो ज्ञानू सहा वर्षांत गावाकडे फिरकला नव्हता.

ज्ञानू अंबूबाईचा एकुलता एक मुलगा. वेल्हे ते नसरापूर प्रवासी जीप चालवायचा. पोरगा वाईट नव्हता हो, थोडा मित्रांत रमणारा, एवढंच. वैशाखात गेनबा भाताच्या रोपांसाठी जमिनीचा राब भाजायला शेतावर गेला आणि तिथंच त्याच्या छातीत कळ आली. त्या दिवशी ज्ञानू जीप घेऊन मित्राच्या हळदीला गेलेला, मोबाईल बंद. गावात दुसरी गाडी मिळेना. शेवटी विटांचा टेम्पो थांबवून गेनबाला त्यात घातला, पण वेल्ह्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ज्ञानू हळदीच्या कपड्यांनिशी घरी आला तेव्हा दारात माणसं जमलेली. अंबूबाई त्या सगळ्या माणसांपुढं पोरावर कडाडली, "बाप मरत व्हता तवा कुठं नाचत व्हतास रं? माज्या दारात पुन्ना पाय ठिवू नगंस!"

दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. त्याचा का हिशेब धरायचा असतो? पण ज्ञानूनं धरला. तेरावं होईपर्यंत खाली मान घालून सगळं केलं आणि चौदाव्या दिवशी पहाटेच्या एसटीनं जो गेला तो गेला. जीप मालकाच्या दारात उभी करून किल्ली आत टाकून गेला होता. कुणाला फोन नाही, बहिणीला नाही, मित्रांना नाही.

मग अंबूबाईचं सुरू झालं. वेल्ह्याच्या स्टँडवर जाऊन बसायची. एसटीच्या प्रत्येक ड्रायव्हरला, कंडक्टरला, नसरापूरला जाणाऱ्या जीपवाल्याला एकच निरोप. "माजा ज्ञानू कुठं दिसला तर म्हनावं, आई बोलीवती." ड्रायव्हर बिचारे आधी हो हो म्हणायचे. पुढं पुढं हसायला लागले. एका वात्रट कंडक्टरनं तर, "आज्जे, तुजा ज्ञानू काल बघितला, सायबाच्या गाडीत बसला व्हता," असं खोटंच सांगितलं आणि ती बिचारी तीन दिवस अन्नाला शिवली नाही, घराच्या ओट्यावर वाटेकडं तोंड करून बसून राहिली. अक्काबाई हे सगळं बघत होती.

त्या वर्षीच्या नवरात्रात गावातल्या बायांनी रीतीप्रमाणं नऊ दिवस चपला सोडल्या. मेंगाईदेवीच्या नावानं नऊ दिवस अनवाणी राहायचं आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की पायात घालायचं, हे आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. दसऱ्याच्या संध्याकाळी अंबूबाई चप्पल शोधायला लागली, तेव्हा अक्काबाईनं तिला ओट्यावर बसवून घेतलं.

"थांब अंबू. तू मुका नवस धर. माजी सासू सांगायची. मानूस दूर गेलं असंल तर त्येच्यासाठी पायताण सोडायचं आन तो घरात पाय ठिवंस्तोवर घालायचं न्हाई. पन एक ध्यानात ठिव. नवस कशाचा ते कुनाला सांगायचं न्हाई. आन त्याला निरोप धाडायचा न्हाई, ये म्हनून तोंडानं बोलवायचं न्हाई. देवीनं त्याचं मन वळवलं पायजे. आपन बोलावलं की नवस मोडला."

"तो इचारील तरी?"

"तरी न्हाई."

झालं. दुसऱ्या दिवसापासून अंबूबाईचं स्टँडवर जाणं बंद. निरोप बंद. रडणंसुद्धा आवरलं तिनं, कारण रडणं म्हणजे बोलावल्यासारखंच की काय अशी तिला धास्ती. फक्त पाय उघडे. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखलणीचं पाणी, हिवाळ्यात दवानं गारठलेले बांध, आणि बाराही महिने करवंदीचे काटे. टाचांना अशा भेगा पडल्या की त्यात ज्वारीचा दाणा बसावा. रात्री गोडं तेल आणि मेण तापवून त्यात भरायची, दात आवळून. आणि मनात एकच, येईल, देवी वळवील.

आता प्रेरणाचं सांगायला हवं. पुण्याची पोरगी, तिशीची असेल. गुडघ्यानं दोन वर्षं बेजार होती, धावणं सुटलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून महागडे गुबगुबीत बूट टाकून दिले, हिरवळीवर अनवाणी चालायला लागली, मग पातळ तळव्याचे बूट घालायला लागली आणि हळूहळू तिचं दुखणं कमी झालं. तिचं म्हणणं असं की बुटांनी पावलाची बोटं आवळून टाकली आहेत, तळव्याला जमीन कळेनाशी झाली आहे, आणि तळवा आंधळा झाला की गुडघा, कंबर सगळंच बिघडतं. पासलीच्या अलीकडं एक शेतघर भाड्यानं घेऊन तिनं शनिवार-रविवारी अनवाणी चालण्याची शिबिरं सुरू केली. पुण्याची माणसं मोटारीतून यायची, बूट काढायची आणि बांधावरून आई गं, अगं आई गं करत चालायची. गावाला फुकटचा तमाशा. पोरं झाडावर चढून बघायची.

प्रेरणाचे बूट तर बघण्यासारखे. पाचही बोटं वेगवेगळी, तळवा भाकरीपेक्षा पातळ. अक्काबाईनं ते पहिल्यांदा पाहिले आणि म्हणाली, "अगं बया, हिनं हातमोजे पायात घातल्यात!" प्रेरणा हसली, रागावली नाही. पोरगी गोड होती, हे कबूल केलं पाहिजे. पुढं जे झालं त्यात तिचा दोष काढायचा तर मन धजत नाही.

एका सकाळी अंबूबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन शिबिराच्या बाजूनं खडकाळ उतरण उतरत होती. प्रेरणाची माणसं जिथं हात धरून एकेक पाऊल टाकत होती तिथून ही बाई सरसर खाली गेली. प्रेरणा बघतच राहिली. पळत तिच्यामागं आली. "आजी, थांबा ना. पाय बघू तुमचे?" अंबूबाईनं आयुष्यात पाय कुणाला दाखवले नव्हते, पाया पडायला कुणी आलं तरी ती मागं सरायची. पण प्रेरणा खाली बसली, तिचं पाऊल हातात घेतलं आणि बोटं मोजल्यासारखी एकेक हलवून पाहिली. "बघा सगळ्यांनी, बोटं कशी पसरलीत! असं पाऊल असायला हवं. आजी, तुम्ही चप्पल का घालत नाही?"

अंबूबाई गांगरली. काय सांगणार? जे सांगायचं नाही त्याच्या जागी काहीतरी सांगायला हवं. "बरं वाटतं," ती म्हणाली.

"तब्येतीला ना? गुडघे दुखत नाहीत? कंबर?"

"न्हाई बा. कायसुदिक दुखत न्हाई."

बास. प्रेरणाला मिळाली तिची अनवाणी आजी. पुढच्या रविवारी ती मोबाईल घेऊन व्हिडिओ करायला आली. अंबूबाई आदल्या संध्याकाळी अक्काबाईकडं गेली होती. "अक्का, ती पोरगी मला मोबाईलवर दावनार हाय. लाखभर लोक बघत्यात म्हनं. मंग त्यात ज्ञानूनं बघितलं तर? त्यो निरोप धाडल्यावानी व्हतो का?"

अक्काबाई भात पाखडत होती. सूप थांबवून तिनं जावेकडं पाहिलं. सहा वर्षांनी या बाईचे डोळे चमकत होते. "न्हाई," ती म्हणाली. "तू काय त्याला सांगतीयस थोडंच. त्येनं बघितलं तर ती देवीची करनी."

तेव्हा अंबूबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. व्हिडिओत ती बांधावरून चालते, खडकावरून चालते, ओढ्यातून चालते. प्रेरणा विचारते, आजी, काटा टोचत नाही? ती म्हणते, न्हाई. ऊन भाजत नाही? न्हाई. मजेत आहात? व्हय, लई मजेत. शेवटी प्रेरणानं आपला पाच बोटांचा बूट तिच्या पायात घालायचा प्रयत्न केला आणि अंबूबाईची करंगळी तिच्या खोबणीत काही केल्या जाईना. तेव्हा ती जी खदखदून हसली! डोक्यावरचा पदर घसरला तरी हसतच होती. गेनबा गेल्यापासून गावानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बूट काही पायात गेला नाही, नवस आठवून तिनंच चटकन पाय मागं घेतला होता. व्हिडिओखाली प्रेरणानं शिबिराचा फोन नंबर टाकला.

व्हिडिओ चालला, भलताच चालला. वेल्ह्याच्या बाजारात लोक अंबूबाईला थांबवून पाय बघायला लागले. अक्काबाई तिला हिरॉईन म्हणायची. अंबूबाई वरवर लाजायची आणि रोज प्रेरणाला एकच विचारायची, "कुठवर गेलं गं ते? लांबलांबची मानसं बघत्यात का?" प्रेरणा म्हणायची, हो आजी, अगदी लांबची. भोळ्या पोरीला वाटायचं, आजींना प्रसिद्धीची गोडी लागली.

होळी होऊन गेली. उन्हं तापायला लागली. एका रविवारी शिबिरातली माणसं नाश्त्याला नाचणीची भाकरी आणि चटणी खात बसलेली, अंबूबाई भाकऱ्या थापायला आलेली, आणि प्रेरणाचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं आणि पीठ लागलेल्या अंबूबाईच्या कानाला मोबाईल लावला. "आजी, तुमच्या गावचे कुणीतरी आहेत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात."

"कोन बोलतंय?"

पलीकडं मोटारींचे हॉर्न वाजत होते. मग आवाज आला. "आई."

अंबूबाईनं चुलीजवळची भिंत धरली. पिठाचा पंजा भिंतीवर उमटला. तोच आवाज. थोडा जाड झालेला, पण तोच.

"आई, कशी हायस?"

"बरी हाय."

"बघितलं तुला मोबाईलवर. लई हासत व्हतीस."

"व्हय."

"पायात काय घालत न्हाईस म्हनं आता. तब्येतीसाठी. खरंच तब्येतीसाठी का आई? का कुनासाठी काय बोललीयस देवीला?"

पोरगा याच मातीतला. त्याला नवस काय ते कळत होतं. एका शब्दाचा सवाल होता आणि तो शब्द अंबूबाईच्या जिभेवर सहा वर्षं येऊन बसला होता. तुझ्यासाठी रे राजा, तुझ्यासाठी. पण तिला दिसलं काय, तर दसऱ्याच्या संध्याकाळचा ओटा आणि अक्काबाईचं बोट. तो इचारील तरी? तरी न्हाई. तिला वाटलं, देवी आता शेवटचं बघतेय. इतकी वर्षं पाळलं, आता दारात आल्यावर मोडू?

"तब्येतीसाठीच," ती म्हणाली.

मग त्यानं विचारलं, "आई, म्या यू का?"

अहो, दगडानंसुद्धा इथं 'ये' म्हटलं असतं! अंबूबाईचं सगळं अंग ये म्हणत होतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तिनं दातांखाली पदर धरला आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तुज्या मनाला वाटंल तसं कर."

"तू काय म्हंतीस?"

"म्या काय म्हनू? म्या मजेत हाय."

"बरं," ज्ञानू म्हणाला. आणि पुढं, "बरं झालं आई. माज्या जिवाला लई घोर व्हता. जपून ऱ्हा."

फोन बंद झाला. अंबूबाईनं तो प्रेरणाच्या हातात दिला आणि हात धुवायला न थांबता शेतघरातून बाहेर पडली. पळतच. बांधावरून, करवंदीतून, पोरीसारखी. प्रेरणा हाका मारत राहिली. अक्काबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिच्यापुढं अंबूबाई धप्पकन बसली.

"अक्का! ज्ञानूचा फोन आला! म्या न्हाई मोडला नवस. त्येनं इचारलं, कुनासाठी? म्या म्हनले, तब्येतीसाठी. त्यो म्हनला, यू का? म्या म्हनले, तुज्या मनाला वाटंल तसं कर. येक शब्द बोलले न्हाई मी, अक्का. आता येतोय त्यो. देवीनं वळवला. दळन हाय का तुमच्याकडं? त्याला पुरनपोळी लागती."

अक्काबाईच्या हातातलं ताट कलंडलं. "यू का म्हनला?"

"व्हय."

"त्येनं तोंडानं इचारलं, यू का, आन तू ये म्हनली न्हाईस?"

"तुमीच म्हनला व्हतात..."

"अगं येडे!" अक्काबाईनं दोन्ही हातांनी आपलं कपाळ बडवलं. "अगं येडे, असा कुठं नवस असतो का? कसला मुका आन कसला बोलका! म्या मनानं सांगितलं ते. तू स्टँडावर जाऊन बसत व्हतीस, मानसं हासत व्हती तुला, बघवंना मला. घरात बसशील, चार घास खाशील, म्हनून म्या आपलं बोलले. सासूबाईंनी काय सांगितलं न्हाई आन देवीनं बी न्हाई. दारात आलेल्या लेकराला ये म्हनू नको असं कोनची देवी सांगंल गं?"

अंबूबाई तिच्याकडं बघत राहिली. जणू बाई परक्या मुलखातलं काहीतरी बोलतेय. मग सावकाश तिच्या चेहऱ्यावर ते उतरलं, सगळं उतरलं, आणि तिच्या तोंडून एक आवाज आला, तो ऐकून गोठ्यातली गाय उभी राहिली.

प्रेरणा मागोमाग धापा टाकत आलीच होती. अक्काबाईनंच तिला सगळं सांगितलं, रडत, स्वतःला शिव्या देत. प्रेरणाचा चेहरा पांढरा पडला. "आजी, तुम्ही मला सांगायचं ना..." एवढंच ती म्हणाली आणि थांबली, कारण न सांगणं हाच तर नवस होता. तिनं आलेल्या नंबरवर फोन लावला आणि आवाज मोठा केला. कुणीतरी दुसराच उचलला.

"हा, चहाची टपरी. नसरापूर फाटा."

नसरापूर! अंबूबाईनं जमिनीवर हात टेकले. मुंबई नाही, सुरत नाही. नसरापूर. जिथं तो दिवसातून चार खेपा करायचा.

"आत्ता तुमच्या फोनवरून एकजण बोलला, तो आहे का तिथं?"

"तो व्हय? त्येचं चार्जिंग संपलं व्हतं म्हनून मागितला. आत्ता हितं बाकड्यावर व्हता."

"त्याला थांबवा! काहीही करून थांबवा, आम्ही येतोय."

"बघतो," टपरीवाला म्हणाला, आणि रस्त्यावरच्या गोंगाटात फोन तसाच चालू राहिला, मग तुटला.

प्रेरणानं मोटार अशी हाणली की अक्काबाई मागच्या सीटवर सारखी देवाचं नाव घेत होती. अंबूबाई पुढं बसली होती आणि बोलत होती. सहा वर्षांचं न बोललेलं सगळं बोलत होती, समोरच्या काचेला. तुज्यासाठी सोडलं रं. तू घरात पाय ठिवावास म्हनून. ती हळद चुलीत गेली, तुजा काय दोष, त्यांचं आयुष्यच तेवढं व्हतं. म्या रागात बोलले. ये रं बाबा. प्रेरणाला पुढचा रस्ता धूसर दिसत होता, ती मनगटानं डोळे पुसत गाडी चालवत होती.

फाट्यावर भर दुपारची गर्दी. पुण्याकडं आणि साताऱ्याकडं जाणाऱ्या गाड्या, रिक्षा, जीपवाले ओरडत होते. टपरीवाला त्यांना बघून काउंटरच्या बाहेर आला. त्याच्या तोंडावरनंच कळलं.

"गेला हो. तुमचा फोन आला तवाच मी बघितलं, तर पुण्याकडच्या गाडीच्या दारात चढत व्हता. हाका मारल्या, आयकू गेलं न्हाई." तो अंबूबाईकडं वळला. "तुमी आई व्हय त्याची? सकाळधरनं बसला व्हता. वेल्ह्याच्या जीपमधी दोनदा बसला आन दोनदा उतरला. म्हनला, दुबईला डायव्हर म्हनून निघालोय, परत कवा येनं हुईल सांगता येत न्हाई, आईच्या पायावर डोकं ठिवून जावं म्हनलं, पन दारात घेती का न्हाई कुनाला ठाव. मी म्हनलं, आधी फोन करून इचार की, माजा घे."

"फोन झाल्यावर काय म्हनला?" अंबूबाईनं विचारलं.

टपरीवाल्यानं गळ्यातल्या फडक्यानं हात पुसले. पुन्हा पुसले. "म्हनला, आई मजेत हाय. तिला काय गरज न्हाई माजी."

प्रेरणा खाली बसली, आपला चेहरा झाकून घेतला. मग उठून म्हणाली, "आजी, आपण आत्ताच्या आत्ता दुसरा व्हिडिओ टाकू. तुम्ही स्वतः सांगा त्याला. तो बघेल. पहिला बघितला तसा हाही बघेल."

"टाक बाई," अंबूबाई म्हणाली. "पन त्येनं सोताच्या तोंडानं मला इचारलंय. कुनासाठी, म्हनून. आन म्या न्हाई म्हनलंय. मोबाईलमधलं हासनं त्येला खरं वाटलं, आता मोबाईलमधलं रडनं का खरं वाटंल?"

प्रेरणानं तरीही मोबाईल काढला आणि तसाच परत ठेवून दिला. अक्काबाई बाकड्याच्या टोकाला बसून पदरात तोंड खुपसून रडत होती. तिच्याकडं बघायची कुणाची हिंमत नव्हती.

अंबूबाई उठली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चैत्राचं ऊन, डांबर पाघळलेलं. तिचे पाय भाजत होते. भाजत होतेच, सहा वर्षं भाजत होते, आणि मजेत मजेत म्हणून तिनं जगाला सांगितलं होतं. पुण्याकडं तोंड करून तिनं हात वर केला आणि हाक मारली.

"ये!"

गाड्या भरधाव जात होत्या. "ये रं ज्ञानू! ये! घरी ये! म्या बोलावतीय, ये!" जी हाक तिनं सकाळी गिळली होती ती आता थांबेना. प्रेरणानं तिचे खांदे धरले तरी ती हात हलवत राहिली, ये, ये, ये.

तिचा हात बघून एक जीप कचकन ब्रेक मारून पुढ्यात थांबली. जीपवरच्या क्लीनर पोरानं दार उघडलं, आतल्या माणसांना सरकायला सांगितलं आणि म्हातारीला हात दिला.

"वेल्ह्याला ना आज्जे? चल, येक जागा हाय."